मिरजेत शिवून घेतलेली लॅपटॉपची गवसणी

ऑडिट रिपोर्टात मत आधी आणि परिशिष्टं मागून, त्याच शिस्तीने लिहिते. वस्तू, म्हणजे मिरजेत वाद्यांना शिवतात तसं लॅपटॉपचं कापडी कव्हर, चांगली आहे. साडेसातशे रुपये वसूल झाले. पण सकाळी मागवलं की संध्याकाळी दारात पाहिजे, अशा मंडळींसाठी ती नाही. शिवायला आठवडा सांगतात, आणि मिरजेतला आठवडा दहा दिवसांचा असतो.

मी सांगलीत राहते आणि बँकांच्या शाखा तपासते. मार्च संपला की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत असा फेरा सुरू होतो, बहुतेक एसटीने. लॅपटॉप फर्मचा, १४ इंची, वजनाला दीड किलोच्या आसपास. त्याच्याबरोबर एक काळी सॅक फुकट मिळाली होती, ती मी भाच्याला देऊन टाकली. सॅक पाठीवर असली की मागे काय चाललंय ते दिसत नाही. एसटीत बसायच्या आधी ती उतरवायची, मग मांडीवर घ्यायची, आणि एप्रिलमध्ये जतच्या स्टँडवर उतरेपर्यंत पाठ घामाने चिंब. शिवाय तिच्यावर लॅपटॉप कंपनीचं नाव एवढं ठसठशीत, की आत काय आहे ते अख्ख्या स्टँडला समजावं. माझ्या मशीनमध्ये लोकांच्या कर्जखात्यांची माहिती असते. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेलं आहे, तरी चोराला मुळात मोहच होऊ नये हे जास्त बरं.

म्हणून रोजची पिशवी बदलायची नाही हे ठरलेलं होतं. जाड कॅनव्हासची, खांद्याला लावायची, वर चेन असलेली, बचत गटाच्या प्रदर्शनात घेतलेली. तिच्यात डबा, पाण्याची बाटली, घडीची छत्री, चष्म्याचं घर, वर्किंग पेपरची फाइल, शिक्का आणि त्याचं शाईचं पॅड. या बिऱ्हाडात लॅपटॉपला स्वतःची खोली कशी करून द्यायची, एवढंच पाहायचं होतं.

आधी तयार कव्हरं पाहिली. ऑनलाइन चारशेपासून पंधराशेपर्यंत जी मिळतात त्यांतली पुष्कळशी निओप्रीनची, म्हणजे पाणबुडे अंगात घालतात त्या सूटच्या रबरी कापडाची. त्यात मशीनला ओरखडे पडत नाहीत, धूळ बसत नाही. पण जाडी तीन-चार मिलिमीटर, आणि शिलाईपाशी, म्हणजे नेमकी कडेला, ती आणखी दबलेली. मापाचा घोळ वेगळाच. १४ इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप, मशीनच्या अंगाचं नव्हे. जुन्या लॅपटॉपांना स्क्रीनभोवती बोटभर काळी पट्टी असायची, हल्ली ती काडीएवढी झाली आहे. त्यामुळे दोन १४ इंची लॅपटॉपांच्या लांबीत दोन-अडीच सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. कव्हरवाले बिचारे मोठ्याला धरून शिवतात. माझा त्यात घातला तर एका बाजूला दोन बोटं जागा उरते, आणि पिशवी तिरकी झाली की मशीन सरकत जाऊन एका कोपऱ्यावर बसतं. कोपरा म्हणजे लॅपटॉपचं दुखरं ठिकाण. तिथे आपटलं की बॉडी वाकते, बिजागरीला ताण बसतो आणि स्क्रीनचा तडाही बऱ्याचदा तिथूनच निघतो.

सांगलीतल्या एका दुकानदाराने तर कव्हरच मोडीत काढलं. म्हणाला, मॅडम, तुमचं मशीन मिलिटरी ग्रेड आहे, डब्यावर स्टिकर बघा. स्टिकर आहे. त्यावर लिहिलेलं एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी सैन्याच्या सामानासाठी केलेलं चाचण्यांचं बाड आहे, आणि त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते लॅपटॉप बनवणारी कंपनी स्वतःच ठरवते. पाडण्याच्या चाचणीत १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडतात: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. पण हे २६ धक्के पाच नगांमध्ये वाटून द्यायची मुभा आहे. माझ्याकडे नग एकच आहे.

मिरजेची वाट बहीण दाखवून गेली. तिच्या तंबोऱ्याची गवसणी तिथे शिवलेली. सतारी-तंबोऱ्यांचं हे गाव, दीडशे वर्षांहून जास्त काळ इथे वाद्यं बनतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळवलेले भोपळे येतात आणि त्यांचे तंबोरे होऊन रेल्वेने देशभर जातात. वाळका भोपळा ठेच लागली की तडकतो, हमाल काही जपून टाकत नाही, आणि तरी वाद्य धड पोचलं पाहिजे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या गावात लॅपटॉपचं कव्हर शिवायला जायचं मला आधी का सुचू नये, असं बहिणीचं म्हणणं. तिला माझ्याबद्दल अशी बरीच म्हणणी आहेत.

दुकान म्हणजे गल्लीतली एक लांबट खोली. दोन शिलाई मशीन, भिंतीला रेग्झिनची भेंडोळी, छताच्या हुकांना टांगलेल्या गवसण्या. शिवणारे चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, उघडून पाहिलाच नाही, बंदच कडेवर उभा धरला आणि विचारलं, "पिशवीत ह्यो उभा ऱ्हातोय का आडवा?"

मी म्हटलं, आडवा, लांब कडेवर.

"आणि पिशवी खाली ठिवताना आधी काय टेकतंय?"

आजवर कव्हर विकणाऱ्या कोणी हा प्रश्न मला विचारला नव्हता. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, रंग कोणता हवा, बजेट किती, हे सगळ्यांनी विचारलं. खरी मेख मात्र तळाशी आहे. हातातून निसटून छातीच्या उंचीवरून पडणारे लॅपटॉप मी कमी पाहिले; पिशवी फरशीवर टेकवताना खालची कड ठोकून घेणारे पुष्कळ पाहिले. हिशेब साधा आहे. समजा पिशवी ३० सेंटीमीटरवरून खाली आली. तळाला १ सेंटीमीटर दबणारं काही असेल, तर मशीनला थांबायला तेवढी जागा मिळते आणि सरासरी धक्का त्याच्या वजनाच्या साधारण ३० पट बसतो. तळाला नुसतं कापड आणि अस्तर, म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर असेल, तर तोच आकडा १५० पटींवर जातो. मशीन तेच, उंची तीच. त्या फुकटच्या सॅकमध्ये पाठीकडे बोटभर गादी होती आणि तळाला एकेरी कापड. म्हणजे मऊपणा माझ्या पाठीला, लॅपटॉपला काही नाही. दुकानात कुठलीही लॅपटॉप बॅग बघाल तेव्हा लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून तळ चाचपा. बाहेरून बोटं लागत असतील तर ती बॅग दिसायला कितीही भारी असो, ठेवून द्या.

मी म्हटलं, चाचा, मग भरपूर जाड फोम घाला.

"जाड नको बाई. टणक पायजे." त्यांनी पिवळ्या फोमचा इंचभर जाड तुकडा टेबलावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. अंगठा सरळ टेबलाला टेकला. मग काळा फोम घेतला, जाडीला याच्या निम्म्याहून कमी, योगासनांच्या चटईसारखा घट्ट. त्यावर सगळा भार टाकला तरी खालपर्यंत गेला नाही. "पिवळा बसायला बरा. वस्तू ठिवायला ह्यो."

तर आता वस्तूबद्दल. बाहेरून मरून रंगाचं मॅटी कापड, त्याच्या आत काळा फोम साधारण आठ मिलिमीटर, सगळ्यात आत फलालीन. खालच्या कडेला त्याच फोमची गुंडाळून शिवलेली वळकटी, दोन सेंटीमीटर जाडीची; तंबोऱ्याच्या भोपळ्याखाली घालतात तीच पद्धत. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना आणखी एकेक तुकडा. स्क्रीनच्या बाजूला फोम आणि अस्तराच्या मध्ये पातळ पण न वाकणारी प्लास्टिकची शीट. तोंडाला मी चेन मागितली होती. चाचा म्हणाले, आत-बाहेर करताना दात घासणार आणि रनर कोपऱ्यावर आपटत राहणार, त्यापेक्षा वरून झाकण घेऊ. झाकण वेल्क्रोचं झालं. माप असं नेमकं, की लॅपटॉप आत सरकताना हवा बाहेर गेल्याचं जाणवतं, आणि आत गेल्यावर कुठल्याच बाजूला हलत नाही.

आणि दोन नाड्या. मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. कव्हरच्या वरच्या दोन कोपऱ्यांना बोटभर रुंद पट्टीच्या नाड्या आहेत, टोकाला टिचबटणं. पिशवीचे पट्टे जिथे शिवलेले असतात तिथे त्या अडकवायच्या, म्हणजे कव्हर पिशवीत टांगलेलं राहतं आणि त्याचा तळ पिशवीच्या तळापासून दोन बोटं वर. यासाठीच त्यांनी मला परत पाठवून पिशवी आणायला लावली होती. पट्टे हातात धरून पिशवी दाणकन टेकवली तर या टांगणीचा पुरेपूर उपयोग होतो: आधी डबा वाजतो, लॅपटॉप टेकतच नाही. पट्ट्यांसकट पिशवी खांद्यावरून घसरली तर मात्र टांगणी फारशी कामाची नाही, कारण टांगायला आधारच उरत नाही. तिथे वळकटी आहे.

एसटीतला त्रास वेगळ्या जातीचा आहे. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आनंद आहेच, पण तेव्हापासून तासगावच्या गाडीत पिशवी आणि मी यांच्यामध्ये नेहमी एखादी तिसरी बाई असते. कोणी कोपर रोवतं, कोणाच्या पोराचं डोकं टेकतं, कंडक्टर पुढे सरकताना रेलून जातो. लॅपटॉपचं झाकण दिसायला अखंड, पण आतलं पॅनेल अगदी पातळ असतं आणि एका जागी दाब आला की सोसत नाही. आमच्या फर्ममधल्या एकाच्या स्क्रीनवर कायमची उभी रेघ आली ती न पडता, न भिजता. चार्जरचा ठोकळा झाकणाला लागून ठेवलेला आणि वरून गर्दीने पिशवी दाबली गेलेली. ती प्लास्टिकची शीट यासाठी आहे: एका बिंदूवरचा दाब सगळ्या झाकणावर पसरतो. मी त्यात एवढीच भर घातली की स्क्रीनची बाजू माझ्या अंगाकडे ठेवते आणि मध्ये कागदांची फाइल. डब्याकडे मग मशीनचा तळ येतो, तो त्यामानाने दणकट. चार्जर छोट्या बटव्यात, पिशवीच्या दुसऱ्या टोकाला. शाईचं पॅड प्लास्टिकच्या डबीत. आणि पाण्याची बाटली पिशवीतून हद्दपार, ती आता वेगळ्या छोट्या थैलीत हाताला असते. बाटलीच्या झाकणावर माझा विश्वास नाही. अनुत्पादक कर्जदाराच्या "पुढच्या महिन्यात नक्की भरतो" एवढाच आहे.

कव्हर एवढं घट्ट असण्याचा एक परिणाम लक्षात ठेवायला हवा. नुसतं झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही, आणि हल्लीची विंडोजची मशीन मध्येच स्वतःहून जागी होऊन अपडेट वगैरे उद्योग करत बसतात. फोम आणि फलालीनमध्ये गुंडाळलेलं असताना ती उष्णता जायची कुठे? एप्रिलमध्ये जत तालुक्यात बाहेरच चाळीसच्या आसपास असतं. तेव्हा कव्हरमध्ये घालण्याआधी शटडाऊन, नाहीतर हायबरनेट, म्हणजे उघडलेलं काम डिस्कवर जपून मशीन बंद. पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल अशी सोय करून घेता येते, मी तशी केली आहे. जाता जाता, पिशवीला चुंबकाचं बटण असेल तर तेही जरा लांब ठेवा. झाकण मिटलं की नाही हे लॅपटॉप चुंबकावरूनच ओळखतो, आणि चालू मशीनजवळ दुसरं चुंबक आलं की बापडा मिटलो असं समजून झोपी जातो.

पाऊस हा या गवसणीचा कच्चा दुवा. मॅटीच्या आतल्या बाजूला रबरासारखा थर आहे, चार थेंब तो अडवतो. पण सुईच्या भोकांतून आणि झाकणाच्या कडेने पाणी आत येणारच, आणि कॅनव्हास तर पाणी पिऊन बसतो. चाचांनी स्वतःच सांगितलं की हे पावसाचं नव्हे, पावसात वरून प्लास्टिक घाला. कापड दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी मी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गवसणीवर चढवते आणि शाखेत पोचल्यावर लगेच काढते. गरम मशीन प्लास्टिकमध्ये कोंडून ठेवलं तर आतला दमटपणा आतच राहतो. तो रबरी थर सुद्धा आपल्या हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो, तेव्हा भरवसा प्लास्टिकच्या पिशवीवरच ठेवलेला बरा.

बाकी तक्रारी. वेल्क्रोचा आवाज. शाखाधिकारी फोनवर रीजनल ऑफिसशी दबक्या आवाजात बोलत असताना मी कव्हर उघडलं की सगळी शाखा मान वळवते. फलालीनची लव सुरुवातीला इतकी सुटत होती की यूएसबीच्या भोकांत जाऊन बसली. कव्हर उलटं करून दोनदा झटकलं आणि जुन्या टूथब्रशने घासलं, तेव्हा कमी झाली. लॅपटॉप आत घालण्याआधी हे करून घ्या. वजन तीनशे ग्रॅमच्या वर आहे, निओप्रीनच्या कव्हरपेक्षा बरंच जास्त, आणि दिवसभर खांद्यावर असेल तर ते कळतं. नुसतं कव्हर हातात घेऊन जायला मूठ नाही. पिशवी टेबलापाशी ठेवून फक्त लॅपटॉप स्ट्राँगरूमकडे न्यायचा तर छातीशी धरून न्यावा लागतो. एका बाजूची पायपिन महिन्याभरात उसवली. नेऊन दाखवली तर चाचांनी काही न विचारता तिथल्या तिथे दुहेरी टीप मारून दिली, पैसे घेतले नाहीत. आणि उद्या फर्मने दुसरा लॅपटॉप दिला तर ही गवसणी त्याला होणार नाही. नेमक्या मापाची किंमत ती.

१५.६ इंची लॅपटॉपवाल्यांनी आधी पिशवी मोजावी. ते मशीन लांबीला ३६ सेंटीमीटरच्या आसपास असतं, त्यावर दोन्हीकडचा फोम, म्हणजे पिशवीचं तोंड आतून ३९-४० तरी हवं. बायकांच्या नेहमीच्या खांद्याच्या पिशव्यांत हे बसत नाही, त्यांना सॅकच बरी. स्कूटरवाल्यांचंही माझ्याच्याने सांगवत नाही. पुढच्या हुकाला टांगलेली पिशवी खड्ड्यागणिक गुडघ्याला आणि पुढच्या पत्र्याला आपटत असते, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी कशी तापते ते ज्यांनी तिच्यात भाजी ठेवली आहे त्यांना माहीत आहे. माझ्या स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप आडवा मावतही नाही. गावातल्या गावात जाताना मी पिशवी तिरकी अंगात अडकवते.

जायचं असेल तर लॅपटॉप आणि पिशवी दोन्ही घेऊन जा. नेटवरून काढलेली मापं चालत नाहीत, ते स्वतःच्या टेपने मोजतात आणि जाडी मोजायला विसरत नाहीत. दोनशे आगाऊ, बाकी नेताना, यूपीआय चालतं. गणपतीच्या आधी आणि दर्ग्याच्या उरुसाच्या सुमारास वाद्यवाल्यांचीच कामं तुंबलेली असतात, तेव्हा तुमचा नंबर लागणार नाही. पावती मागितली तर वहीचं पान फाडून त्यावर "कवर १, रु. ७५०" असं लिहून सही करून देतात. मी ती फर्मच्या खर्चात घातली. ना तारीख, ना पत्ता, ना जीएसटी नंबर, म्हणून आमच्याच आर्टिकलने, म्हणजे फर्ममध्ये सीएचं काम शिकणाऱ्या उमेदवाराने, व्हाउचर परत पाठवलं.